कुत्र्याला गवताची / परागकणांची ॲलर्जी : तुम्ही कसं सांभाळता?

चिंचोका
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचा टिल्लू, लॅब्रॅडॉर, वय २ वर्षं ४ महिने. मागच्या वर्षी गवताला तुरे आले त्या सुमारास पुढचे पंजे चाटायला लागला होता, आम्ही म्हटलं चाळा लागला असेल, आणि दीड-दोन महिन्यांनी आपोआप थांबलं पण, मग विसरूनच गेलो. या वर्षी पुन्हा तेच दिवस आणि पुन्हा तेच, फक्त दुप्पट. रात्री २ वाजता चप चप चप चप. घरातलं कोणीतरी झोपेतच "टिल्लू, पुरे!" म्हणून ओरडतं, अर्धा मिनिट शांतता, की परत चप चप.

पोट लाल, काखा लाल, कान सारखे फडफडवतो, पुढच्या पंजांच्या बेचक्यांतले केस तांबूस-तपकिरी झालेत. पण शिंक एक नाही, नाक गळत नाही, त्यामुळे ॲलर्जी असेल असं डोक्यातच आलं नाही माझ्या. व्हेटनी बघून गवत किंवा परागाची ॲलर्जी वाटते म्हणाले, स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी गडी एकदम खूष, गोळ्या संपल्या आणि आठवड्याच्या आत पहिले पाढे पंचावन्न.

आता दरवर्षी हेच करत बसायचं का? गवतावर न्यायचंच बंद करू का? मैदान म्हणजे त्याचा जीव की प्राण आहे हो, पट्टा नुसता हातात घेतला तरी नाचतो. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी कृपया लिहा.

शेपटीवाली
अगदी आमचीच गोष्ट. माझी भुरी आता ९ वर्षांची आहे आणि तिसऱ्या वर्षापासून हे चालू आहे, त्यामुळे मी या विषयात डॉक्टरेट करून बसलेय असं घरचे म्हणतात.

पहिली गोष्ट, शिंका नाहीत म्हणजे ॲलर्जी नाही हे डोक्यातून काढून टाका. माणसाची परागाची ॲलर्जी नाका-डोळ्यांतून बाहेर पडते, कुत्र्याची बहुतेक वेळा कातडीतून. पंजे, तोंडाभोवती, कानाच्या आतला भाग, काखा, जांघा, पोट, ठरलेल्या जागा आहेत. आणि ते केस तांबूस झालेत म्हणताय ना तो लाळेचा रंग आहे, लाळेतल्या एका द्रव्याने केस रंगतात. म्हणजे तुम्ही बघत नसता तेव्हाही तो चाटतोय. भुरीचे पाय पांढरे आहेत त्यामुळे तिची चोरी लगेच पकडली जाते.

दुसरी गोष्ट, मैदान बंद करू नका. मी पहिल्या वर्षी केलं होतं. भुरी उदास झाली, वजन वाढलं, आणि खाज? होती तशीच. कारण पराग वाऱ्याबरोबर येतो, आपल्या कपड्यांना-बुटांना चिकटून येतो, खिडकीतून येतो. गवतावर न नेल्याने थोडा भार कमी होतो एवढंच. त्यापेक्षा आल्यावर धुवा.

चिंचोका
धुवा म्हणजे रोज अंघोळ??

शेपटीवाली
नाही हो, पाय आणि पोट. दारातच एक पसरट टब ठेवलाय, त्यात साधं कोमट पाणी, साबण-बिबण काही नाही. एकेक पाय बुडवायचा, बेचक्यांत बोट फिरवायचं, मग ओल्या फडक्याने पोट, काखा आणि तोंड पुसायचं. आणि आता नीट ऐका, नंतर कोरडं करायचं. बेचक्यांत टॉवेल घालून पूर्ण कोरडं. मी पहिले दोन महिने नुसती धूत होते आणि तशीच सोडत होते, ओलाव्याने बेचक्यांत यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलं आणि एवढा कुबट वास यायला लागला की मला आधी वाटलं कुठेतरी ओलं फडकं पडून राहिलंय. शोधून शोधून दमले, शेवटी वास कुत्र्याच्या पायाला!

आळशी_ससा
खाणं बदला. आमच्याकडे सेम प्रॉब्लेम होता, धान्य नसलेलं फूड सुरू केलं, महिन्याभरात खाज गायब. सगळे गवताला दोष देतात, मूळ पोटात असतं.

पाचवा_पाय
ससेभाऊ, तुमच्याकडे खाज वर्षभर होती का ठरावीक महिन्यांत?

आळशी_ससा
साधारण २-३ महिने होती.

पाचवा_पाय
मग महिन्याभरात गायब व्हायचीच होती की 😄 फूड बदललं नसतं तरी. हंगाम संपला!

सुईवाला
मी व्हेट आहे. पडद्यावरून निदान करत नाही आणि डोसही सांगणार नाही, पण इथे बऱ्याच गोष्टींची खिचडी होतेय म्हणून लिहितो.

"गवताची ॲलर्जी आहे" हे ठरवणारी एक अशी टेस्ट नसते. आधी बाकीचं सगळं वगळत जायचं आणि शेवटी जे उरतं ते हे. टिल्लूच्या बाबतीत चित्र जुळतंय हे खरं : सुरुवात साधारण ६ महिने ते ३ वर्षं या वयात, पुढचे पंजे, कान, पोट, लॅब जात (लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, फ्रेंच बुलडॉग, बॉक्सर, वेस्टी यांच्यात हे जास्त दिसतं), ठरावीक मोसम, आणि स्टिरॉइडने लगेच आराम. २०१० साली याचे निकष मांडले गेले त्यात या बहुतेक गोष्टी आहेत. त्यातच दोन उलटे निकषही आहेत, ते लोक विसरतात. कंबरेचा मागचा भाग आणि शेपटीचं मूळ खाजत असेल तर आधी पिसवांचा संशय घ्या. कानाच्या पाळीची कड खाजत असेल, तिथे खपल्या असतील तर खरजेचा किडा, आणि मग घरातल्या माणसांच्या हातापोटावरही खाजरे फोड दिसू शकतात.

म्हणून क्रम असा की आधी पिसवांचं औषध, वर्षभर, न चुकता, दिसोत वा न दिसोत. ज्या कुत्र्याला पिसवांची ॲलर्जी असते त्याला मोजके चावे पुरतात, आणि तो स्वतःला इतका चाटतो की पिसू सापडतच नाही. मग कातडीवर काचपट्टी किंवा चिकटपट्टी लावून मायक्रोस्कोपखाली बघणं. हे फार लोक टाळतात आणि नेमकं इथेच घोडं अडतं, कारण ॲलर्जीने कातडी सुजते, कुत्रा चाटतो, ओलावा राहतो, मग जिवाणू आणि यीस्ट वाढतात आणि त्यांची स्वतःची खाज सुरू होते. अशा वेळी परागाचा मोसम संपला तरी खाज थांबत नाही.

खाण्याची ॲलर्जी असते, नाही असं नाही, पण ती सहसा वर्षभर चालते आणि बहुतेक वेळा एखाद्या प्राणिज प्रथिनाची असते. धान्याची त्या मानाने कमी. ती तपासायची तर किमान ८ आठवडे काटेकोर पथ्याचं खाणं, त्यात चव लावलेली औषधाची गोळीसुद्धा चालत नाही. फूडची पिशवी बदलली म्हणजे तपासणी झाली असं नाही.

आळशी_ससा
बरं, शहाणा झालो. मी फूड तरी परत बदलतो, हे फार महाग पडतंय.

बोका_नंबर_१
गवत टोचून होणारी ॲलर्जी आणि परागाची ॲलर्जी एकच का? आमच्या कुत्रीला फक्त पोटाला लाल पुरळ येतं, ते पण गवतात लोळली तरच.

सुईवाला
चांगला प्रश्न. वेगळ्या गोष्टी आहेत, पण एकाच कुत्र्यात दोन्ही असू शकतात. गवताच्या पात्याचा किंवा रसाचा थेट त्रास असेल तर जिथे केस कमी आणि स्पर्श जास्त तिथेच पुरळ येतं, म्हणजे पोट, जांघा, पंजांच्या खालच्या बाजूला. लोळणं थांबलं की उतरतं. परागाच्या ॲलर्जीत गवताला पायसुद्धा न लागता खाज येऊ शकते, कारण पराग वाऱ्यावर लांबवर जातो. आणि गंमत म्हणजे जे लाल-पिवळं फूल आपल्या डोळ्यांत भरतं ते सहसा दोषी नसतं, त्याचा पराग जड, चिकट, किड्यांनी न्यायचा. दोषी ते फिक्कं हिरवं गवत ज्याच्याकडे कोणी बघत नाही. वाऱ्यावर सोडायचा म्हणून ढिगाने पराग तयार करतं.

आणि तो नुसता नाकातून जात नाही. ॲलर्जीवाल्या कुत्र्यांची कातडी मुळातच जरा झिरपी असते, पराग कातडीतूनच आत घुसतो. म्हणून तर शेपटीवाली म्हणतात ते पाय धुणं कामाचं आहे.

निळी_छत्री
एक भर घालते. आमचा कुत्रा एकाच पंजाला चाटत होता, मी इथेच ॲलर्जीचे जुने धागे वाचून १२ दिवस पाय धुतले. निघालं काय तर कुसळ! बोटांच्या मध्ये गवताचं कुसळ घुसून आत सरकलं होतं, वर छोटीशी गाठ आणि त्यातून पाणी येत होतं. भूल देऊन काढावं लागलं. कुसळ काट्यासारखं पुढेच सरकतं, मागे येत नाही. त्यामुळे चारही किंवा दोन्ही पुढचे पंजे असतील तर ॲलर्जीचा विचार, एकच असेल तर आधी बेचक्या नीट उघडून बघा. कानातही जातं हं, फिरून आल्या आल्या अचानक एकाच बाजूला डोकं झटकायला लागला तर थांबू नका.

शेपटीवाली
+१०० छत्रीताई. लांब केसवाल्यांचे बेचक्यांतले केस मोसमात कापून ठेवा, कुसळंही कमी अडकतात, पुसायलाही सोपं.

उन्हातली_सावली
माझ्या चुलतबहिणीने टी ट्री ऑइल पाण्यात घालून लावलं होतं तिच्या कुत्र्याला, नैसर्गिक आहे, केमिकल नको म्हणून. आणि खाज येते तिथे माणसांचं ते पांढरं झिंकवालं क्रीम पण चालतं ना?

सुईवाला
दोन्ही नको. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे, कातडीतूनही शोषलं जातं, दाट असेल तर लडखडणं, थरथर, लाळ गळणं इथपर्यंत जातं. झिंक ऑक्साइडचं क्रीम लावलं की कुत्रा पहिलं काम काय करतो, चाटतो, आणि झिंक पोटात गेलं की उलट्या, जास्त गेलं तर रक्ताच्या पेशी फुटतात. कॅलामाइनमध्येही झिंकच असतं. नियम सोपा ठेवा, चाटता येईल अशा जागी लावायचं असेल तर पोटात गेलं तरी चालेल असंच हवं.

माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांबद्दलही तेच. साध्या अँटिहिस्टामिनचा कुत्र्यांच्या खाजेवर फार थोडा उपयोग होतो, काहींना होतो, बऱ्याच जणांना नाही. पण नाक मोकळं करणाऱ्या औषधाबरोबर मिसळलेल्या ज्या गोळ्या मिळतात, स्यूडोएफेड्रिनवाल्या, त्या कुत्र्यांना जिवावर बेतू शकतात. आणि पातळ सिरपांत झायलिटॉल असू शकतं, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य, कुत्र्यांना विषारी. विचारल्याशिवाय घरच्या कपाटातलं काही देऊ नका.

चिंचोका
बापरे. माझ्या हातात सिट्रिझिनची स्ट्रिप होतीच काल. ठेवून देतो. 🙏

एक सांगा, स्टिरॉइड वाईट का? आमच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की किडनी जाते, व्हेट लोक उगाच देतात. मला तर टिल्लूला त्या पाच दिवसांत शांत झोपलेलं बघून रडू आलं होतं.

पाचवा_पाय
स्टिरॉइडला व्हिलन करायची फॅशन आहे. थोड्या दिवसांचा कोर्स, भडका विझवायला, यात काही पाप नाही. भूक, तहान, लघवी तिन्ही वाढतात, त्या दिवसांत रात्री एकदा बाहेर न्यावं लागतं, बस. दरवर्षी महिनोन् महिने चालवलं तर मात्र स्नायू उतरतात, पोट लोंबतं, कातडी पातळ होते, इन्फेक्शनं होतात. फार दिवस चालू असेल तर एकदम बंद करायचं नाही, उतरवत उतरवत बंद करायचं. आणि सांधेदुखीची गोळी चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र दिलं तर पोटात अल्सर होऊ शकतो.

माझ्या बाबूचा इतिहास सांगतो, जर्मन शेफर्ड, सात वर्षं. आधी स्टिरॉइड, मग अपोक्वेल, मग सायटोपॉइंट, आता इम्युनोथेरपी. अपोक्वेल ही गोळी, काही तासांत खाज उतरते, पहिले १४ दिवसांपर्यंत दिवसातून दोनदा आणि मग एकदा. एकदावर आलो की काही दिवस खाज पुन्हा डोकं वर काढते, तेव्हा घाबरून मी फोन केला होता, तसं होतं म्हणाले. १२ महिन्यांच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत. सायटोपॉइंट म्हणजे इंजेक्शन, खाजेचा निरोप मेंदूकडे नेणारं जे एक प्रथिन असतं त्यालाच पकडून ठेवतं, ४ ते ८ आठवडे चालतं. बाबूला पाच आठवडे पुरायचं. गोळ्या थुंकणाऱ्या कुत्र्यांसाठी वरदान आहे. पण दोन्हीने फक्त खाज जाते, यीस्ट-पू असेल तर ते तसंच राहतं, ते वेगळं बरं करावं लागतं.

बोका_नंबर_१
आणि इम्युनोथेरपी? फसवेगिरी नाही ना ती? ऑनलाइन केस पाठवा, २०० गोष्टींची ॲलर्जी सांगतो असल्या जाहिराती येतात मला.

पाचवा_पाय
त्या जाहिराती आणि ही ट्रीटमेंट यांचा संबंध नाही. केस आणि लाळेच्या त्या किटचं २०१९ मध्ये कोणीतरी पितळ उघडं पाडलं होतं, खेळण्यातल्या कुत्र्याची फर आणि सलाइन पाठवलं, तरी रिपोर्टात ॲलर्ज्या आल्या! म्हणजे कापसाच्या कुत्र्यालाही गवत सोसत नाही 😂

खरी टेस्ट दोन प्रकारची. एक कातडीत बारीक सुया टोचून, एक रक्ताची. तीसुद्धा ॲलर्जी आहे का हे सांगायला नाही, कारण ठणठणीत कुत्र्यांचीही पॉझिटिव्ह येते. निदान आधी झालेलं असतं, टेस्ट फक्त इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनमध्ये काय काय घालायचं ते ठरवायला. बाबूला तीन गवतं, एक झाड आणि धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे) निघाले. टेस्टच्या आधी स्टिरॉइड काही आठवडे बंद ठेवावं लागलं, तो काळ आमच्या घराने कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

मग ज्याची ॲलर्जी त्याचाच अगदी थोडा अंश द्यायचा, हळूहळू वाढवत न्यायचा. कल्पना जुनी आहे, १९११ साली लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी माणसांना गवताच्या परागाच्याच सुया देऊन सुरुवात केली होती. म्हणजे सगळ्याचा श्रीगणेशा गवतापासूनच. साधारण १० पैकी ६ कुत्र्यांना चांगला फरक पडतो, पण वर्षभर वाट बघायची तयारी हवी. आमच्याकडे सातव्या महिन्यापर्यंत शून्य, मी सोडून देणार होतो, बायकोने थांबवलं. नवव्या महिन्यात लक्षात आलं की आपण रात्रभर झोपलो. आता मोसमात एखाद-दोन इंजेक्शनं लागतात, आधी पाच महिने गोळ्या लागायच्या. ज्यांचा त्रास वर्षात सहा आठवड्यांचाच आहे त्यांनी एवढ्या भानगडीत पडावं का हा ज्याचा त्याचा प्रश्न, मी नसतो पडलो.

सुईवाला
पायराव, नेमकं लिहिलंत. एकच जोडतो, धुळीचे माइट निघाले ते महत्त्वाचं. पापाचा घडा भरतो तसा खाजेचा घडा भरतो. थोडे माइट, थोड्या पिसवा, कातडी कोरडी, त्यात यीस्ट, इथपर्यंत कुत्रा तग धरून असतो आणि मग गवताला तुरा येतो आणि घडा वाहतो. लोक म्हणतात गवताने झालं. गवत तर तुमच्या हातात नाही. पण घड्यातलं बाकीचं पाणी कमी करता येतं, आणि कित्येकदा तेवढ्याने मोसम निभतो.

निळी_छत्री
हे आवडलं. आमच्या व्हेटनी हे असं सांगितलं असतं तर मी दोन वर्षं बागेतल्या हिरवळीशी भांडले नसते.

चिंचोका
अपडेट. (मूळ पोस्टला दोन आठवडे झाले.)

काचपट्टी तपासली. बेचक्यांत आणि दोन्ही कानांत यीस्ट भरपूर, पोटावर जिवाणू. म्हणजे मी इतके दिवस गवताला शिव्या घालत होतो आणि अर्धी खाज भलत्यानेच होत होती. कानात घालायचं औषध दिलंय, आणि क्लोरहेक्सिडीनचा (जंतुनाशक) शाम्पू आठवड्यातून दोनदा, १० मिनिटं फेस तसाच ठेवायचा. आता सांगा, ३२ किलोचा लॅब फेस लावलेला १० मिनिटं बाथरूममध्ये कसा धरून ठेवायचा? पहिल्या दिवशी तिसऱ्या मिनिटाला सुटला आणि थेट सोफ्यावर. सोफ्याला आता यीस्ट होणार नाही एवढं नक्की.

शेपटीवाली
😂😂 चाटायची चटई घ्या, रबराची, तिला काहीतरी चिकट फासून भिंतीला चिकटवा. भुरी ११ मिनिटं हलत नाही. आणि फेस कोरड्या अंगावर नाही, भिजलेल्या अंगावर, आधी पंजे आणि पोट, तिथून घड्याळ लावा आणि मग बाकी अंग, म्हणजे मुख्य जागांना पूर्ण वेळ मिळतो. पाणी कोमटच, गरम पाण्याने खाज वाढते.

बोका_नंबर_१
चटईला काय फासता? पीनट बटर चालेल?

सुईवाला
झायलिटॉल नसलेलं असेल तर. डब्यावरचं वाचूनच.

आणि चिंचोका, कानात कापसाच्या काड्या घालू नका, मळ आत ढकलला जातो. औषध घालून कानाचं बूड चोळायचं, त्याला झटकू द्यायचं, बाहेर आलेलं पुसायचं. फार जोरात डोकं झटकत राहिला तर कानाच्या पाळीत रक्त साठून ती फुग्यासारखी होते, तसं दिसलं तर लगेच दाखवा.

उन्हातली_सावली
मोजे घालून फिरवलं तर? पाय धुवायचंच नको.

पाचवा_पाय
आम्ही बूट घेतले होते. बाबू घोड्यासारखा पाय उचलत चालायचा, व्हिडिओ अजून आहे. थोडा वेळ फिरण्यापुरते ठीक, पण घरात आल्यावर काढायचे, आत घाम आणि ओल साठली की पुन्हा यीस्ट. पोटासाठी तो पातळ अंगरखा मिळतो तो मात्र कामाचा, लोळणाऱ्या कुत्र्यांना विशेष.

आणि गवत कापत असतील तेव्हा आसपास नेऊ नका. आपल्या अंगणात असेल तर तुरा यायच्या आधीच कापा. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी छोटी चक्कर, पाऊस पडून गेल्यावर मोठी.

उन्हातली_सावली
ओमेगा-३ ने काही होतं का?

शेपटीवाली
होतं, पण आज दिलं आणि उद्या खाज गेली असं नाही, ८ ते १२ आठवडे लागतात. म्हणून मी मोसमाच्या अडीच महिने आधी सुरू करते. त्याने औषध बंद होत नाही, कमी लागतं. भुरीची तरी तब्येत अशी आहे.

चिंचोका
सहा आठवडे झाले, शेवटचा अपडेट देतो म्हणजे पुढे कोणाला धागा सापडला तर अर्धवट वाटायला नको.

फ्रिजवर कागद लावलाय, रोज रात्री ० ते १० मध्ये खाजेला मार्क. मुलगी देते मार्क, ती माझ्यापेक्षा कडक आहे. सुरुवातीला ८-९ होते. यीस्ट आणि जिवाणूंची ट्रीटमेंट संपली तेव्हा नुसत्या तेवढ्याने ५ वर आलं, परागाचं औषध अजून सुरूही नव्हतं! मग व्हेटनी अपोक्वेल दिलं, २ वर आलं. पिसवांचं औषध आम्ही फक्त पावसाळ्यात देत होतो, ते आता वर्षभर. गादीची खोळ दर आठवड्याला गरम पाण्यात, ६० डिग्रीला, माइटसाठी. मैदान चालू आहे, आल्यावर टब.

कागदाचा एक फायदा सांगतो. मधे एका आठवड्यात मार्क एकदम ६ झाले, मी म्हटलं औषध लागू पडेना. कागद बघितला तर त्याच आठवड्यात आम्ही दोघं आजारी होतो आणि चार दिवस पाय धुतलेच नव्हते. लिहिलेलं नसतं तर मी औषध वाढवून मागितलं असतं.

अजून एक शंका आहेच. गोळी मोसम संपल्यावर कधी बंद करायची? मागच्या वर्षी आपोआप थांबलं होतं म्हणून विचारतोय.

सुईवाला
मनाने नाही. मागच्या वर्षीच्या तारखा आठवत असतील तर व्हेटना द्या, यंदाचा कागद द्या, ते उतरवायचं ठरवतील. आणि पुढच्या वर्षी तुरे दिसायच्या दोन-तीन आठवडे आधी एकदा दाखवून घ्या, कान आणि बेचक्या स्वच्छ असताना मोसमात शिरणं आणि आधीच भरलेल्या घड्याने शिरणं यात फार फरक पडतो. मधेच कधी तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, उलट्या किंवा श्वासाला त्रास झाला तर ती ही नेहमीची खाज नाही, तेव्हा कागदावर मार्क देत बसू नका, गाडी काढा.

चिंचोका
तारखा आहेत! मुलीच्या शाळेच्या वहीत मागे लिहिलंय, "टिल्लू आज परत पाय खातोय". सगळ्यांचे आभार. सोफा वाळलाय.

बोका_नंबर_१
बुटातल्या बाबूचा व्हिडिओ कुठाय पायराव? एवढं लांबलचक वाचलं ते त्यासाठीच.